अकरा पदाधिकाऱ्यांचा पापड

समोरच्या शोभाबाईंच्या दोरीवर सात टी-शर्ट वाळत होते, आणि तेवढ्यानं मुकुंदराव नेरकरांचा सकाळचा चहा कडू झाला.

तसं पाहिलं तर सुरतेच्या गोडादऱ्यात टी-शर्ट कोणाच्या दोरीवर नसतात? पण हे सातही एकाच रंगाचे, गडद निळे, आणि प्रत्येकाच्या पाठीवर पांढऱ्या अक्षरांत छापलेलं, 'हातकाम'. हातकाम म्हणजे शोभाबाईंच्या योगेंद्रची कंपनी. साड्यांना लेस लावणं, टिकल्या चिकटवणं, धागे कापणं ही कामं व्यापाऱ्यांकडून घ्यायची आणि मोबाइलवरून घरोघरच्या बायकांना वाटायची. बमरोलीला एका शेडमध्ये ऑफिस, सात पोरं, सात टी-शर्ट. कंपनीचं धुणं अजून आईच धुते म्हणजे कंपनी कसली, असं मुकुंदराव स्वतःला रोज समजावत. पण रोज समजावावं लागत होतं, यातच सगळं आलं.

"मना योगेंद्रनी टीम शे ना, भाऊ," शोभाबाई चिमटे लावत अभिमानानं सांगायच्या. त्या धुळ्याकडच्या. सुरतेत तीस वर्षं काढली तरी घरात अहिराणीच.

टीम! हा शब्द मुकुंदरावांच्या छातीत बाभळीच्या काट्यासारखा रुतला होता. कारण हा योगेंद्र, बारावीला गणितात नापास झालेला, उखाभाऊंचा पोरगा. वडील पांडेसऱ्याला लूमवर डबल पाळी करायचे आणि पोराला एक उन्हाळाभर नफा-तोट्याची गणितं फुकट शिकवली ती मुकुंदरावांनी. स्वतःच्या हातानं. आता त्याचा फोटो गुजराती पेपरात आला होता, आणि दुष्टपणा बघा, रस्त्यात भेटला की अजून वाकून पाया पडत होता. माजलेला असता तर मुकुंदरावांना किती सोपं गेलं असतं!

मुकुंदराव सहकारी बँकेत सत्तावीस वर्षं होते. बँकेचं विलीनीकरण झालं तेव्हा चोपन्नाव्या वर्षी स्वेच्छानिवृत्ती घेऊन घरी बसले. बाहेर त्यांची ओळख एकच उरली होती. सोसायटीच्या मराठी मंडळाचे सूत्रसंचालक. एक मे म्हणजे महाराष्ट्र दिन आणि गुजरात दिनही, त्यामुळे मंडळाचा कार्यक्रम दणक्यात. चौदा वर्षं मुकुंदराव माइकवरून दुसऱ्यांना बोलावत होते आणि दुसऱ्यांच्या खांद्यावर शाली पडताना बघत होते. यंदा मंडळानं ठराव केला, 'नवउद्योजकांचा सत्कार'. नवउद्योजक म्हणजे अर्थातच योगेंद्र. तो ठराव वाचून दाखवायचं काम कोणाकडे? सूत्रसंचालकांकडे.

त्या दिवशी घरी येऊन मुकुंदराव म्हणाले, "उज्ज्वला, मी स्टार्टअप काढतो आहे."

उज्ज्वलाताई परातीत उडदाचं पीठ चाळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "कसलं?"

हा प्रश्न मुकुंदरावांना अपेक्षित नव्हता. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, परातीत पाहिलं, आणि म्हणाले, "पापडाचं."

असा हा उद्योग जन्माला आला. पापड उत्तमच होते, त्यात वाद नाही. उज्ज्वलाताईंचे उडदाचे पापड आणि ज्वारीचे बिबडे उधन्यापर्यंत नावाजलेले. एप्रिल उजाडला की गल्लीतल्या बावीस बायका रोज एकीच्या घरी पोळपाट-लाटणं घेऊन जमायच्या. आज हिचे, उद्या तिचे. कोणाची पाळी कधी, लाटायला कोण, नुसत्या लाट्या करायला कोण, आणि कोणाला कोणाशेजारी बसवायचं नाही, हे सगळं उज्ज्वलाताई कॅलेंडरच्या मागच्या पानावर लिहून ठरवायच्या. एकोणीस वर्षं चाललं होतं. मुकुंदरावांना त्यातलं एवढंच ठाऊक होतं की एप्रिलमध्ये दुपारी घरात गलका असतो आणि झोप होत नाही.

पुढची पायरी म्हणून त्यांनी योगेंद्रलाच गाठलं. म्हणजे तसं दाखवलं नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं, "काय रे, स्टार्टअपमध्ये पहिलं काय लागतं?"

"टीम, काका," योगेंद्र म्हणाला. "बाकी सगळं चुकलं तरी चालतं. पहिली माणसं चुकली की संपलं. मी तर अजून एका माणसासाठी सहा महिने फिरतोय."

सहा महिने! मुकुंदरावांना फार बरं वाटलं. आपण सहा दिवसांत टीम उभी करू, आणि तीही सातापेक्षा मोठी. एक मेपूर्वी नोंदणी, गटफोटो आणि शाल. हिशेब सोपा होता.

आता टीम निवडायची म्हणजे मुलाखती घ्यायच्या. पण बसायचं कुठे? ऑफिस नाही. मग घरीच, दिवाणखान्यात. आणि घरी माणूस आला की त्याला कोरडं पाठवायचं, हे नेरकरांच्या सात पिढ्यांत झालेलं नाही. तेव्हा पोहे ठरले. पहिला उमेदवार आला, सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसला, आतून पोह्यांची बशी आली, मुकुंदरावांनी "शिक्षण कुठवर?" विचारलं, आणि त्यांच्या लक्षात आलं की हे सगळं आपण आधी कुठेतरी केलेलं आहे. सव्वीस वर्षांपूर्वी, अमळनेरला. फक्त तेव्हा समोर उज्ज्वलाताई बसल्या होत्या. मुकुंदरावांना ती पद्धत एकदम जमून गेली. शेवटी हात पुसत ते प्रत्येकाला गंभीरपणे म्हणत, "ठीक आहे. कळवतो."

अमळनेरलाही ते असंच म्हणाले होते आणि मग बावीस दिवस काही कळवलं नव्हतं. ते बावीस दिवस उज्ज्वलाताई विसरलेल्या नाहीत. वर्षातून एकदा तरी निघतातच.

उमेदवार कोण? मंडळाच्या ग्रुपवर मुकुंदरावांनी जाहिरात टाकली, 'तडफदार, प्रामाणिक, शून्यातून विश्व निर्माण करू इच्छिणारे हवेत', आणि मंडळाची कार्यकारिणीच्या कार्यकारिणी अर्ज घेऊन आली. इथेच पहिली मेख होती. मंडळातल्या माणसाला मंडळातला माणूस नाही म्हणू शकतो का? गणपतीच्या वेळी त्याच माणसाच्या दारात वर्गणीला जायचं असतं.

पहिले आले लोटूअप्पा. वय एकाहत्तर, मिलमधून निवृत्त, आणि मंडळाचे तहहयात अध्यक्ष. मुकुंदरावांनी एका व्हिडिओत पाहिलं होतं, त्याप्रमाणे विचारलं, "अप्पा, तुमच्या स्ट्रेंग्थ काय?"

"ते सोड," अप्पा पोह्यातला शेंगदाणा शोधत म्हणाले. "अध्यक्ष कोण आहे तुझ्या कंपनीचा?"

"कंपनीत अध्यक्ष असा…"

"अध्यक्षाशिवाय काय चालतं रे या जगात? लिही माझं नाव. आणि पोहे अजून आण."

दुसरा संदीप, विम्याचा एजंट. त्यानं मुलाखत देता देता मुकुंदरावांनाच एक पॉलिसी विकली आणि जाताना कार्याध्यक्ष झाला. तिसऱ्या सरलाबाई, मराठी शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी जाहिरातीतल्या तीन चुका लाल पेननं दाखवल्या आणि स्वतःच जाहीर केलं, "मी शिस्तप्रमुख." मग उपाध्यक्षपदासाठी तिघे रुसले, तेव्हा तिघांनाही उपाध्यक्ष केलं. सचिव आला की सहसचिव लागतोच. प्रसिद्धीप्रमुखाशिवाय प्रसिद्धी कोण करणार? आणि ज्याला काहीच उरलं नाही तो सल्लागार. संस्थापक मुकुंदराव धरून बरोबर अकरा जण झाले. कळवायची वेळ कोणावर आलीच नाही, सगळे आपापलं पद घेऊनच सोफ्यावरून उठले.

या सहा दिवसांत उज्ज्वलाताईंनी दहा माणसांना पोहे केले, काहींना दोनदा. चौथ्या दिवशी त्या बशा उचलताना म्हणाल्या, "अहो, मला जरा बोलायचं होतं तुमच्याशी."

"आत्ता नको. उपाध्यक्षांची मीटिंग आहे."

पाचव्या दिवशी पुन्हा म्हणाल्या. मुकुंदरावांनी हाताचा पंजा दाखवला, कारण कानाला फोन होता आणि फोनवर अध्यक्ष होते. सहाव्या दिवशी त्या काही म्हणाल्या नाहीत. दुपारी पोह्यांवर झाकण ठेवून "शोभाबाईंकडे जाते" एवढं सांगून निघाल्या. पापडांचे दिवस, असेल पाळी, असं मुकुंदरावांना वाटलं. वाटलं तरी असं म्हणायचं, खरं तर त्यांनी काही वाटूनच घेतलं नाही.

अकरा जणांचा फोटो मात्र झाला. गच्चीवर, कडक उन्हात, तिघे उपाध्यक्ष मधोमध. मुकुंदरावांनी तो योगेंद्रला पाठवला आणि खाली लिहिलं, 'आमची टीम. ११.' योगेंद्रनं अंगठा पाठवला आणि वर नमस्कार. मुकुंदराव त्या नमस्कारात खोच शोधत अर्धा तास बसले. सापडली नाही, म्हणून आणखी चिडले.

मग सुरू झाली कागदपत्रं. रिंगरोडवर सीए रसिकभाई यांच्याकडे मुकुंदराव बाकी दहाही जणांना घेऊन गेले, कारण कोणालाही मागे ठेवणं म्हणजे नाराजी. रसिकभाईंच्या ऑफिसात खुर्च्या चार. त्यांनी चष्मा वर केला, दारापर्यंतची रांग पाहिली आणि विचारलं, "मुकुंदभाई, आ कंपनी छे के जान छे?"

जान म्हणजे वरात. अप्पांना गुजराती येतं, त्यांनी ते मनाला लावून घेतलं आणि बाहेरच्या पायरीवर जाऊन बसले. त्यांची समजूत काढून आत आणलं, तर नवीन भानगड. आधारवर 'लोटू', पॅनवर 'लोटन', आणि मिलच्या दाखल्यावर नुसतंच 'अप्पा'. सरकारी पोर्टल म्हणालं, तीन माणसं आहेत, तिघांनीही यावं. एका उपाध्यक्षाचा अंगठा यंत्राला उमटेना, आयुष्यभर रंगाच्या हौदात हात घालून रेषाच गेलेल्या. रसिकभाई म्हणाले, "कंपनी नंतर. आधी खायच्या वस्तूची नोंदणी करा. ती सोपी. साहेब येऊन घर बघून जातील."

साहेब आले पंचवीस एप्रिलला, भर दुपारी. अकराही पदाधिकारी छातीला बिल्ले लावून हजर. बिल्ले गणपतीतले होते, 'कार्यकर्ता' वर कागद चिकटवून पदं लिहिली होती. साहेब बिचारा सरळ माणूस. त्यानं पाण्याची टाकी पाहिली, ओटा पाहिला, जाळी पाहिली, सगळं ठीक म्हणाला. मग रजिस्टर उघडून हिंदीत विचारलं, "जो लोग पापड़ बनाते हैं, उनका मेडिकल सर्टिफिकेट चाहिए. कौन-कौन बनाता है?"

अकराही जणांनी मान खाली घालून आपापले बिल्ले पाहिले.

"हे अध्यक्ष," मुकुंदराव म्हणाले.

"अध्यक्ष लाटत नसतो," अप्पा म्हणाले. "अध्यक्ष उद्घाटन करतो."

साहेबांनी संदीपकडे पाहिलं. संदीप म्हणाला, त्याचं खातं मार्केटिंगचं. उपाध्यक्षांनी एकमेकांकडे पाहिलं. राहिल्या सरलाबाई. साहेबांनी मोठ्या आशेनं विचारलं, "बहनजी, आप?"

"मी मुख्याध्यापिका होते," सरलाबाई म्हणाल्या, आणि त्यांच्या आवाजानं साहेबांनी नकळत पेन खाली ठेवलं.

"तो फिर पापड़ बनाता कौन है, भाई?"

मुकुंदराव स्वयंपाकघराच्या दाराशी गेले आणि हाक मारली, "उज्ज्वला!" उत्तर नाही. पुन्हा हाक मारली, थोडी गोड. आत ओटा स्वच्छ पुसलेला, गॅसवर झाकलेले पोहे, आणि लाटणं खिळ्याला टांगलेलं. मुकुंदराव परत आले आणि म्हणाले, "मिसेस बाहेर गेल्या आहेत."

"उनका नाम इस लिस्ट में है?"

यादीत अकरा नावं होती. साहेबांनी वरून खाली वाचली, खालून वर वाचली. मग रजिस्टर मिटलं आणि म्हणाले, बनवणारं माणूस सापडलं की कळवा. जाताना पोहे मात्र खाल्ले आणि "किसने बनाए? बहुत अच्छे हैं," असंही विचारलं. त्याचंही उत्तर यादीत नव्हतं.

पदाधिकारी पांगले. जाताना अप्पांनी आपला बिल्ला काढून खिशात ठेवला, पुढच्या गणपतीला लागेल म्हणून. मुकुंदराव डोकं धरून पुढच्या अंगणात आले, आणि तिथं त्यांना तो दिसला.

त्यांच्या स्वतःच्या दोरीवर, त्यांच्या बनियनशेजारी, गडद निळा टी-शर्ट! पाठीवर 'हातकाम'.

एरवी माणूस विचार करतो. पण जळणाऱ्या माणसाला विचार कुठला? मुकुंदरावांना वाटलं, वाऱ्यानं उडून आला. आणि लगेच दुसरं वाटलं, उडून कशाला येईल, मुद्दाम टाकलाय, हिणवायला! त्यांनी तो ओला टी-शर्ट दोन बोटांत धरला, मेलेली पाल धरतात तसा, आणि तरातरा समोरच्या घरी गेले. योगेंद्र ओट्यावर चहा पीत होता, शोभाबाई लसूण सोलत होत्या.

"तुमचा टी-शर्ट आमच्या दोरीवर आला होता," मुकुंदराव म्हणाले. आवाजात सत्तावीस वर्षांची बँक होती. "टीम वाढली असेल तर दोरीही वाढवा."

शोभाबाईंनी टी-शर्ट उलटा-सुलटा करून पाहिला. "आमना नही शे हाऊ, भाऊ," त्या निवांत म्हणाल्या. "वहिनीना शे."

"कोणत्या वहिनीचा?"

शोभाबाईंनी लसणाच्या पाकळीनंच मुकुंदरावांच्या घराकडे दाखवलं.

योगेंद्र उठून उभा राहिला होता. "काका, काकूंनी सांगितलं नाही? मला वाटलं सांगितलं असेल. सहा महिने मी अशा माणसासाठी फिरलो जो पन्नास बायकांना काम वाटून देईल, कोणाचा हात साफ, कोणाला किती झेपतं, कोणाचं कोणाशी पटत नाही, सगळं ओळखेल. पुण्याहून दोन जणं बोलावली, टिकली नाहीत. आई म्हणाली, इतका कशाला फिरतोस, समोरच्या पापडांच्या पाळ्या कोण लावतं ते बघ जरा. काका, बावीस बायका, एकोणीस वर्षं, आणि एक भांडण नाही! असं माणूस कुठं मिळतं?"

"माझ्या घरातलं माणूस पळवतोस?" मुकुंदरावांचा आवाज चिरकला. "मी शिकवलं तुला. नफा-तोटा मी शिकवला!"

योगेंद्र गोंधळला. त्याला खरंच कळेना. "पण काका, तुमच्या टीमची नावं रोज मंडळाच्या ग्रुपवर येत होती ना, त्यात काकू नव्हत्या, पुढे फोटोतही नव्हत्या. म्हणून तर मी विचारलं त्यांना."

मुकुंदराव टी-शर्ट घेऊनच परतले आणि, का कोण जाणे, तो नीट झटकून पुन्हा दोरीवर घातला.

संध्याकाळी उज्ज्वलाताई आल्या तेव्हा ते दारातच बसले होते. भांडण तयार होतं. सगळे मुद्दे क्रमानं लावून ठेवले होते.

"मला न विचारता?" त्यांनी सुरुवात केली.

"दोन दिवस विचारत होते. मीटिंगा होत्या तुमच्या."

"लोक काय म्हणतील? मुकुंद नेरकराची बायको त्या उखाच्या पोराच्या हाताखाली?"

"हाताखाली नाही. वर. पन्नास बायका माझ्या हाताखाली आहेत." त्यांनी पर्स खुंटीला लावली. मग वळून त्यांच्यासमोर उभ्या राहिल्या, आणि त्यांचा आवाज वेगळाच झाला. "पापडाची कंपनी काढलीत ना तुम्ही? माझ्या पापडाची. दहा जणांना सोफ्यावर बसवून विचारलंत. त्या संदीपला विचारलंत, ज्याला पापड भाजताही येत नाही. त्यांचे पोहे मी केले, बशा मी विसळल्या. रोज वाटायचं, आज संपल्यावर मला म्हणतील, ये, तू पण बस. मी साडी बदलून ठेवायची हो, दुपारी."

मुकुंदरावांचे सगळे मुद्दे होते तिथंच राहिले. त्या रात्री मुकुंदरावांना राग येत होता, पण कोणाचा ते ठरेना. योगेंद्रचा म्हणावा तर तो पाया पडतो. बायकोचा म्हणावा तर तिनं साडी बदलून ठेवलेली. अशा वेळी माणूस पोटात दुखतंय म्हणून झोपतो, तसे ते झोपले.

एक मे उजाडला. मंडप, खुर्च्या, समोर आइस्क्रीमची गाडी. मुकुंदराव माइकवर, पंधराव्या वर्षी. सत्काराची यादी सरलाबाईंनी वळणदार अक्षरात लिहून हातात दिलेली. प्रत्येक नावाला एक चारोळी टाकायची ही त्यांची खासियत. योगेंद्रवर त्यांनी जुळवलेली चारोळी टाकलीच, दात आवळून का होईना. टाळ्या झाल्या, शाल पडली. पुढचं नाव वाचायला त्यांनी कागद वर केला.

"आणि आता, हातकाम कंपनीच्या महिला पथकाच्या प्रमुख, सौ. उज्ज्वला मुकुंद नेरकर…"

चारोळी येईना. चौदा वर्षांत नगरसेवकांपासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांवर चारोळ्या केल्या होत्या. हिच्यावर एकही नव्हती. माइक कुईं करून ओरडला. लोक वाट बघत होते. मुकुंदराव म्हणाले, "या… या माझ्या पत्नी आहेत." मग त्यांनाच वाटलं की काहीतरी उलटं झालं. "म्हणजे, मी यांचा…" आणि तिथंच थांबले.

मंडप हसून लोटपोट झाला. अप्पांनी तर शिट्टी मारली. उज्ज्वलाताई पायऱ्या चढून आल्या, हिरव्या नऊवारीवर तो निळा टी-शर्ट घालून, आणि मागे बसलेल्या पन्नास बायकांनी असा काही गलका केला की तेवढा गणपतीच्या आरतीलाही होत नाही. शाल शोभाबाईंनी घातली. चौदा वर्षं मुकुंदराव ज्या शालीकडे बघत होते ती शेवटी त्यांच्या घरात आली, फक्त खांदा दुसरा होता. टाळ्या वाजवताना त्यांच्या लक्षात आलं की आपल्याला अजून जळतंय. चांगलंच जळतंय. पण योगेंद्रचं आता काहीच वाटत नाहीये.

दुसऱ्या दिवशी सकाळी उज्ज्वलाताई दिवाणखान्यात कॅलेंडरची पानं पसरून बसल्या होत्या. फोन सारखा वाजत होता. एका बाईला लेस कमी पडली होती, दुसरीला गठ्ठाच पोचला नव्हता. "एक माणूस हवं बाई," त्या फोनवर शोभाबाईंना सांगत होत्या. "फोन घेणारं, अक्षर चांगलं असणारं, आणि मुख्य म्हणजे न चिडणारं. कुठं मिळायचं?"

मुकुंदराव पेपरामागे होते. त्यांनी पेपर खाली ठेवला आणि स्वयंपाकघरात गेले.

आतून बराच वेळ डबे उघडण्या-मिटण्याचे आवाज येत राहिले. सव्वीस वर्षं त्या घरात पोहे खाल्ले होते, पण मोहरी कुठे राहते ते माहीत नव्हतं. मग काहीतरी तडतडलं, काहीतरी करपलं, "अगं आई गं" असं एकदा ऐकू आलं. उज्ज्वलाताई जागच्या हलल्या नाहीत. अर्ध्या तासानं मुकुंदराव बशी घेऊन बाहेर आले, ती त्यांच्यापुढे ठेवली आणि सोफ्याच्या कडेला अंग चोरून बसले.

उज्ज्वलाताईंनी बशीकडे पाहिलं. मग त्यांच्याकडे पाहिलं. चष्मा लावला.

"शिक्षण?"

"बी.कॉम."

"अनुभव?"

"बँक, सत्तावीस वर्षं. सूत्रसंचालन, पंधरा."

"स्ट्रेंग्थ काय?"

"अक्षर बरं आहे."

"आणि दोष?"

मुकुंदरावांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. समोरच्या दोरीवर सात टी-शर्ट होते, आणि आपल्या दोरीवर एक. "जळतो मी," ते म्हणाले. "फार जळतो."

"अजून त्या पोरावर?"

"नाही. आता तुझ्यावर."

उज्ज्वलाताईंनी एक घास खाल्ला. मीठ जास्त होतं, पोहे भिजवायच्या ऐवजी बुडवले होते, आणि लिंबाचा पत्ता नव्हता. त्यांनी दुसरा घास खाल्ला, तिसरा खाल्ला, आणि हळूहळू सगळी बशी संपवली. मग हात पुसले, कागद गोळा केले आणि गंभीरपणे म्हणाल्या, "ठीक आहे. कळवते."

"कधीपर्यंत?" मुकुंदरावांनी विचारलं.

उज्ज्वलाताईंनी कॅलेंडरचं पान उलटून तारखा पाहिल्या.

"बावीस दिवस धरा," त्या म्हणाल्या. "आणि तोपर्यंत तो फोन उचला, केव्हाचा वाजतोय."